वासोटा आणि प्रचितगड : ओस पडलेल्या वाटांवरचे दोन कडे

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचे नाव 'सांगली' झाले. कागदावर जिल्हे वेगळे झाले, तरी त्यांच्या पश्चिमेला उभी असलेली सह्याद्रीची धार अखंडच राहिली. या धारेवर, एकमेकांपासून चाळीस-पन्नास किलोमीटर अंतरावर, दोन दुर्गम कातळमाथे आहेत. उत्तरेकडे जावळीच्या खोऱ्यामागे वासोटा आणि दक्षिणेकडे सांगली व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर प्रचितगड. दोन्हींच्या पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे, पूर्वेला घनदाट अरण्य आणि अरण्याच्या पलीकडे धरणाचे अथांग पाणी.

महाराष्ट्रातील दुर्गम शिखरांची चर्चा निघाली की नगर-नाशिककडील अलंग-मदन-कुलंगची नावे आधी येतात. उंचीच्या हिशेबात वासोटा त्यांच्या मागे आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ११७१ मीटर, तर राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. परंतु दुर्गमता केवळ उंचीवर ठरत नाही. माणसांची वस्ती किती दूर आहे, पाणी कोठे मिळते, परतीची वाट किती खात्रीची आहे आणि अपघात झाल्यास मदत किती वेळात पोहोचेल, या कसोट्यांवर हे दोन माथे सह्याद्रीतील अवघड स्थळांत मोडतात. विशेष म्हणजे त्यांची ही दुर्गमता सर्वस्वी निसर्गदत्त नाही. तिचा मोठा भाग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत माणसाने घडवलेला आहे.

पायऱ्यांचा पहाड

सह्याद्रीचा हा भाग काळ्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. या शब्दाचे मूळ पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. कोकणातून वर पाहिले की या नावाची सार्थकता पटते. कठीण, घट्ट बेसाल्टचा थर उभ्या भिंतीसारखा उरतो. त्याच्या वरचा-खालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून अरुंद आडवा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर गवत, कारवी आणि मुरूम साचतो. भिंत, पट्टा, पुन्हा भिंत अशी ही रचना माथ्यापर्यंत जाते.

प्रस्तरारोहकाच्या दृष्टीने या रचनेला दोन बाजू आहेत. आडव्या पट्ट्यांमुळे उसंत घेण्यास जागा मिळते. मात्र लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या चिरांमुळे खडकाचे ठोकळे सुटे झालेले असतात. हाताला पक्का वाटणारा दगड भाराखाली निखळू शकतो. युरोपातील आल्प्समध्ये ग्रॅनाइटच्या सलग भेगांत साधने अडकवून चढण्याची पद्धत रुळली. ती बेसाल्टच्या सुट्या ठोकळ्यांवर जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते. म्हणूनच सह्याद्रीतील अनुभवी आरोहक प्रत्येक पकड आधी ठोकून, तिचा आवाज ऐकून मगच भार देतात. भरीव दगडाचा आवाज घट्ट येतो, सुट्या दगडाचा पोकळ.

दुसरा शत्रू म्हणजे पाऊस. कोयनानगर परिसरात वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वारणेच्या उगमाजवळचे पाथरपुंज हे गाव अलीकडच्या वर्षांत राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाते. चार महिने हे पाणी खडकाच्या सांध्यांत मुरते आणि उतारावरची माती सैल करते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. डोंगर स्थिर दिसतो, पण तो दर पावसाळ्यात थोडाथोडा सरकत असतो, हे त्या दुर्घटनेने पुन्हा दाखवून दिले.

व्याघ्रगडाचा इतिहास

वासोट्याचे बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे परंपरेने दिले जाते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि पुढे १६६० मध्ये वासोटा स्वराज्यात आला. महाराजांनी त्याला 'व्याघ्रगड' हे नाव दिल्याचे सांगितले जाते. भोवतालच्या रानाचा विचार करता ते यथार्थ होते.

या गडाचा उपयोग प्रामुख्याने कैदखाना म्हणून झाला. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतून पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना येथे ठेवण्यात आले. तटबंदी फोडून कैदी निसटला, तरी भोवतीचे अरण्य त्याला सोडत नसे. पेशवाईच्या उत्तरकाळात औंधच्या पंतप्रतिनिधींच्या वतीने ताई तेलीण हिने हा गड लढवला. पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला तिने सुमारे आठ महिने दाद दिली नाही. गडावरील धान्यकोठाराला आग लागल्यानंतर १८०७ मध्ये तिला शरण यावे लागले. गड पडला तो उपासमारीच्या भीतीने, कडा चढून आलेल्या शत्रूमुळे नव्हे, ही गोष्ट वासोट्याच्या नैसर्गिक बळाची साक्ष देते.

दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या परिवाराला काही काळ येथे ठेवले होते. १८१७ च्या अखेरीस युद्धाच्या आरंभी पकडलेले मॉरिसन आणि हंटर हे दोन इंग्रज अधिकारीही याच गडावर कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने गडाला वेढा दिला. समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा सुरू झाला आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. ज्या डोंगरावर आज पाऊलवाटही धड सापडत नाही, तेथे त्या काळी तोफा चढवल्या गेल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यासाठी माणसे, वाटा आणि आसपासची गावे होती. आज त्यांपैकी काहीच नाही.

बाबुकडा आणि जुना वासोटा

वासोटा या नावाखाली प्रत्यक्षात दोन डोंगर येतात. ज्याच्यावर गडाचे अवशेष आहेत तो नवा वासोटा. तेथे मारुतीचे छप्पर नसलेले मंदिर, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि ढासळलेले दरवाजे पाहायला मिळतात. माचीवरून पश्चिमेला कोकणाचा विस्तीर्ण पट्टा आणि रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही दुर्गत्रयी, तर पूर्वेला शिवसागराचे वळणे घेत गेलेले पाणी दिसते.

गडाच्या दक्षिण टोकाला पोहोचले की पायांखालची जमीन एकाएकी संपते. समोर अर्धवर्तुळाकार, आत वळलेला प्रचंड कातळ उभा असतो. हाच बाबुकडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देणारी ही नाळेच्या आकाराची भिंत वर चढणाऱ्या वाऱ्याला कोंडून धरते. पावसाळ्यानंतर सकाळच्या वेळी तिच्यातून ढगांचे लोट उसळताना दिसतात. या कड्याच्या पलीकडे जो डोंगर दिसतो तो जुना वासोटा.

जुना वासोटा हा या परिसरातील खऱ्या अर्थाने निर्जन माथा होय. तो नेहमीच्या परवानगीच्या वाटेत येत नाही. तेथे पाण्याची सोय नाही, रुळलेली वाट नाही आणि कारवीचे दाट रान माणसाच्या डोक्यावर जाते. दर सात वर्षांनी फुलणारी ही कारवी वाळली की तिच्या काठ्या भाल्यासारख्या टोकदार होतात. त्यांतून वाट काढताना चढणाऱ्याची शक्ती कड्यापेक्षा रानातच अधिक खर्च होते. अस्वले आणि गवे यांचा वावर असल्याने या डोंगराकडे जाण्यापासून स्थानिक लोक पूर्वीपासून परावृत्त करीत आले आहेत.

वासोट्याच्या धारेवरच नागेश्वर हे गुहेतील शिवस्थान आहे. महाशिवरात्रीला खेड तालुक्यातील चोरवणे गावाकडून कोकणातील भाविक हा खडा चढ चढून येतात. हातात दोर नाही, पायात खास बूट नाहीत, तरी पिढ्यान्‌पिढ्या ही चढाई चालू आहे. या डोंगराशी माणसाचे जे जुने नाते होते, त्याचा हा एक टिकून राहिलेला धागा म्हणावा लागेल.

प्रचितगड : शिडीच्या टोकावरचा माथा

वासोट्याला निदान हौशी पर्यटकांचा राबता आहे. प्रचितगडाला तोही नाही. 'उचितगड' या नावानेही ओळखला जाणारा हा गड चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेवर आहे. याच परिसरात वारणा नदी उगम पावते. तीच पुढे सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा होते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते.

गडाच्या पायथ्याशी कोकणात, संगमेश्वर तालुक्यात, शृंगारपूर हे गाव आहे. ही सुर्व्यांची जहागीर. १६६१ मध्ये शिवाजी महाराज चालून आले तेव्हा सूर्यराव सुर्वे गाव सोडून गेला आणि हा मुलूख स्वराज्यात आला. संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई यांचे माहेर शिर्क्यांचे. त्यांचा संबंध याच गावाशी होता. घाटमाथ्यावरचा प्रचितगड हा शृंगारपूर आणि देश यांना जोडणाऱ्या वाटेवरचा पहारेकरी होता.

शृंगारपुराहून गडावर जाण्यास चांगल्या चालीच्या माणसालाही चार-पाच तास लागतात. आरंभी शेते आणि ओढे, मग झाडीतील अंगावर येणारा चढ, नंतर घसाऱ्याची अरुंद नाळ आणि शेवटी उभा कातळ. येथील मूळ पायऱ्या नष्ट झाल्याने कातळावर लोखंडी शिडी बसवलेली आहे. तिच्यावर एका वेळी एकानेच चढावे, हा नियम सर्वांनी पाळणे अगत्याचे आहे. पावसाळ्यातील गंजाने लोखंड खंगते, त्यामुळे प्रत्येक मोसमात शिडीची अवस्था नव्याने तपासूनच तिच्यावर पाय ठेवावा. माथा आटोपशीर आहे. तेथे भैरी भवानीचे मंदिर, काही तोफा आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत.

पूर्वी देशावरून पाथरपुंज आणि रुंदिव या गावांमार्गे गडाकडे येणारी वाट होती. तीच सोपी आणि नैसर्गिक. आज ती व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात येते आणि पायी फिरणाऱ्यांसाठी बंद आहे. त्यामुळे ज्या बाजूने गड अवघड, तीच एक बाजू आता उरली आहे.

माणसे गेली, रान आले

कोयना धरणामुळे १९६० च्या दशकात ५० किलोमीटरहून अधिक लांबीचा शिवसागर जलाशय तयार झाला. खोऱ्यातील गावे उठली. लोक ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरले आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके रेंगाळत राहिले. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे नाव आज प्रामुख्याने होडीचा थांबा म्हणून माहीत आहे. एकेकाळी ते नांदते गाव होते. वारणेवरील चांदोली धरणाने आणि पाठोपाठ आलेल्या अभयारण्याने सांगलीच्या बाजूला तीच कहाणी पुन्हा घडवली.

कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तेव्हा कास पठार, कोयना आणि चांदोली यांनाही त्यात स्थान मिळाले.

वाघांची संख्या मात्र दीर्घकाळ जवळजवळ शून्यावर होती. मे २०१८ मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका नराची नोंद झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा येथून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. व्याघ्रगडाच्या रानात वाघाचे पुनरागमन व्हावे, यासाठी आता सरकारी पातळीवर प्रयत्न होत आहेत.

या सर्वांचा लाभ शहरांना झाला. कोयनेच्या १९६० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाची वीज आणि दोन्ही धरणांचे पाणी यांवर राज्यातील उद्योग व कृष्णाकाठची शेती उभी आहे. आज शहरातून येणाऱ्या गिरिप्रेमीला जी शांतता मोहवते, तिची किंमत येथून उठलेल्या गावांनी मोजली आहे. वाटेत दिसणारे घराचे जोते, रानात एकटेच उभे असलेले आंब्याचे झाड किंवा शेंदराचा रंग उडालेला मारुती ही त्या गावांची उरलेली खूण आहे. पाहणाऱ्याने ती ओळखली पाहिजे.

चढाईची पथ्ये

वस्ती उठल्याचा एक व्यावहारिक परिणाम चढणाऱ्यावर होतो. पूर्वी वाट चुकलेल्याला धनगरवाडा सापडे. पाणी, भाकरी आणि वाटाड्या मिळे. आता तशी आशा धरता येत नाही. मोबाइल संच बहुतेक ठिकाणी निकामी ठरतो. पाय मुरगळण्यासारखी किरकोळ इजाही येथे संकटाचे रूप घेऊ शकते. म्हणून गटात किमान चार जण असावेत. एकाला इजा झाल्यास एक त्याच्याजवळ थांबेल आणि दोघे मदतीसाठी जातील, हा त्यामागील साधा हिशेब आहे.

चढाईला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. ऑक्टोबरमध्ये कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, तर मार्चनंतर पाणी आटते आणि वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो. माणशी तीन लिटर पाणी, शिरस्त्राण, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत असावी. अवघड टप्प्यांसाठी दोर आणि तो हाताळण्याचे प्रशिक्षण, दोन्ही आवश्यक आहेत. प्रशिक्षण नसलेल्याच्या हातातील दोर खोटा धीर देतो.

कड्यांवरची आग्या मोहोळे हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तरे यांनी माश्या चवताळतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळण्यास वाव नसतो. त्यामुळे चढाईची रेषा ठरवताना प्रथम मोहोळे कोठे आहेत ते दुर्बिणीतून पाहावे आणि तशी शंका आली तरी त्या भिंतीचा नाद सोडावा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे. रात्रीचा मुक्काम, शेकोटी आणि प्लास्टिक टाकणे यांवरही बंदी आहे. काही गिरिप्रेमींना हे निर्बंध जाचक वाटतात. परंतु ज्या रानासाठी गावांनी आपली घरे सोडली, त्या रानात एका रात्रीच्या मौजेसाठी नियम मोडण्याचा अधिकार पाहुण्याला उरत नाही. एखादा माथा दुरूनच पाहून परतावे लागले, तर तेही गिरिभ्रमणच होय. वासोट्याच्या टोकावर उभे राहून बाबुकड्यापलीकडचा जुना वासोटा न्याहाळणाऱ्याला तेथे न पोहोचण्याची खंत वाटू नये. तो माथा आता तेथील वन्य जिवांचा आहे.

कसे जावे?

वासोटा : साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ किलोमीटर. तेथे वनखात्याची परवानगी घेऊन होडीने एक ते दीड तासात मेट इंदवली. पुढे अडीच ते तीन तासांची चढण. संध्याकाळपूर्वी परतणे बंधनकारक. पावसाळ्यात प्रवेश बंद.

प्रचितगड : मुंबई-गोवा महामार्गावरील संगमेश्वरहून नायरीमार्गे शृंगारपूर. गावातून माहितगार वाटाड्या घेणे आवश्यक. पहाटे लवकर निघावे. निघण्यापूर्वी वनखात्याकडे चालू नियमांची चौकशी करावी.